दादाने दिलेले पुस्तक आवडले नाही, हे त्याला कसे सांगू?

पत्र थोडक्यात असे : नाशिकच्या एक वाचक, वय ४२, बँकेत नोकरी करतात. त्यांचा मोठा भाऊ पुण्यात असतो. दोन वर्षांपूर्वी त्याची पत्नी घर सोडून गेली आणि पुढे परस्परसंमतीने घटस्फोट झाला. या सगळ्या काळात भाऊ घरातल्या कुणाशीही त्याबद्दल बोललेला नाही. आईने विषय काढला की तो उठून गॅलरीत जातो. यंदा राखीपौर्णिमेला तो नाशिकला आला, तेव्हा त्याने हारुकी मुराकामी या जपानी लेखकाचा ‘मेन विदाउट विमेन’ हा कथासंग्रह बहिणीच्या हातात ठेवला आणि “हे वाच, मग बोलू,” एवढेच म्हणाला. बहिणीने तो वाचला आणि तिची निराशा झाली. “सात कथा, सगळीकडे बाई निघून जाते किंवा मरते, आणि मागे उरलेला पुरुष दारू पीत, जुन्या रेकॉर्ड ऐकत बसतो. ती का गेली, हे कुणालाच जाणून घ्यायचे नाही,” असे त्या लिहितात. एका कथेत असे विधान आहे, की खोटे बोलण्यासाठी स्त्रियांना जन्मतःच एक स्वतंत्र अवयव मिळालेला असतो. त्याखाली दादाने पेन्सिलने रेघ ओढलेली पाहून त्यांना संताप आला. अशी दुसरी रेघ ‘किनो’ या कथेच्या शेवटाकडे आहे. बाकी पुस्तक कोरे आहे. “वाचलेस का?” असे दादाने फोनवर विचारले, तेव्हा “थोडे राहिले आहे” असे सांगून त्यांनी वेळ मारून नेली. खरे सांगितले तर तो दुखावेल, खोटे सांगितले तर त्या अवयवाच्या विधानालाही होकार दिल्यासारखे होईल, अशा पेचात त्या आहेत. पत्राच्या शेवटी ओझरता उल्लेख येतो, की वहिनीशी त्यांचे अजून बोलणे आहे आणि दादाला ते ठाऊक नाही. त्यांचे प्रश्न तीन आहेत : पुस्तक खरोखरच सुमार आहे की मला कळले नाही? दादाला काय सांगू? आणि हा लेखक पुढे वाचावा का?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात पुस्तकाचा प्रश्न आणि दादाचा प्रश्न इतके गुंतले आहेत, की पुस्तक सुमार ठरले तर दादाचे दुःखही सुमार ठरेल आणि दादाची कणव आली तर पुस्तकही चांगले म्हणावे लागेल, असे तुम्ही धरून चालला आहात. हे दोन्ही प्रश्न आधी वेगळे केले पाहिजेत. पुस्तक आधी घेते, कारण ‘मलाच कळले नसेल’ ही शंका मनात असेपर्यंत तुम्ही दादाशी मोकळेपणाने बोलू शकणार नाही. लेखक जगभर गाजलेला असला, की निराशेचा दोष वाचक स्वतःकडे घेतो. तसे करण्याचे इथे कारण नाही. तुम्हाला पुस्तक कळले आहे आणि तुमची निराशा बऱ्याच अंशी रास्त आहे. मात्र ती जितकी सरसकट तुम्ही मांडली आहे, तितकी सरसकट ती टिकत नाही.

हा संग्रह जपानीत २०१४ साली निघाला तेव्हा त्यात सहा कथा होत्या आणि लेखकाने त्याला प्रस्तावना लिहिली होती. फिलिप गेब्रिएल आणि टेड गूसन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१७ साली आला. त्यात ती प्रस्तावना नाही आणि ‘साम्सा इन लव्ह’ ही सातवी कथा घातलेली आहे, जी लेखकाने मुळात प्रेमकथांच्या एका वेगळ्या संकलनासाठी लिहिली होती. काफ्काच्या कथेतला साम्सा नावाचा माणूस सकाळी उठतो तेव्हा त्याचा किडा झालेला असतो. इथे किड्याचा माणूस होतो आणि प्रागमधल्या एका घरात कुलूप दुरुस्त करायला आलेल्या मुलीच्या प्रेमात पडतो. म्हणजे तुमच्या ‘सगळीकडे बाई निघून जाते’ या तक्रारीतून निदान ही कथा वगळावी लागेल. हिच्यात बाई नुकतीच येते आहे. शीर्षकही उसने आहे. हेमिंग्वेच्या १९२७ सालच्या कथासंग्रहाचे तेच नाव होते. बायकांशिवायचे पुरुष दाखवणार, असे मुखपृष्ठावरच सांगून टाकलेल्या पुस्तकाला ‘यात बायका का नाहीत’ असे विचारणे थोडे अन्यायाचे होते. आपण विचारायला हवे ते हे, की पुरुषांवरच सगळा उजेड टाकल्यावर ते पुरुष तरी नीट दिसतात का? या कसोटीवर मला संग्रहाचे सरळ दोन भाग पडलेले दिसतात.

पडत्या बाजूला सगळ्यात आधी शेवटची, शीर्षककथाच येते. रात्री एक वाजून गेल्यावर निवेदकाला फोन येतो; पूर्वी त्याच्या आयुष्यात असलेल्या स्त्रीने आत्महत्या केली, असे तिचा नवरा सांगतो आणि फोन ठेवून देतो. एवढा हादरा देऊन कथा पुढे काय करते? ती स्त्री चौदा वर्षांची असताना आपल्याला भेटली असती तर, तिने खोडरबराचा अर्धा तुकडा आपल्याला दिला असता तर, अशा कल्पनांत निवेदक रमतो आणि ‘बायकांशिवायचे पुरुष’ म्हणजे काय याची व्याख्या करत बसतो. एका माणसाने जीव दिला आहे, ही गोष्ट त्या सगळ्या काव्यात विरून जाते. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. ‘यस्टरडे’ वाचायला प्रसन्न आहे. टोकियोच्या देनएन्चोफू या सुखवस्तू भागात जन्मलेला मुलगा दूरच्या कान्साई भागातल्या हान्शिन टायगर्स या बेसबॉल संघाच्या वेडापायी तिथली बोली अस्खलित शिकतो, हे सदाशिव पेठेतल्या मुलाने हट्टाने पक्की वऱ्हाडी बोलावी तसे आहे. पण गंमत संपल्यावर मागे फार उरत नाही.

‘शहरजाद’बद्दल मात्र तुम्ही घाई केलीत, असे मला वाटते. गौरी देशपांडे यांनी अरबी सुरस कथांचा अनुवाद केल्यामुळे मूळ शहरजाद, म्हणजे राजाला रोज रात्री गोष्ट सांगणारी राणी, मराठी वाचकाला परकी नाही. इथली शहरजाद पस्तिशीची गृहिणी आहे. घराबाहेर पडू न शकणाऱ्या हाबारा नावाच्या माणसाला ती किराणा आणून देते, त्याच्याशी संग करते आणि मग गोष्ट सांगते. शाळेत असताना आवडत्या मुलाच्या रिकाम्या घरात आपण चोरून शिरत होतो, त्याची एखादी क्षुल्लक वस्तू उचलत होतो आणि आपली एखादी खूण मागे ठेवत होतो, ही तिची हकीकत साऱ्या संग्रहातली सर्वांत जिवंत गोष्ट आहे आणि ती पूर्णपणे बाईच्या तोंडची आहे. पुरुष इथे नुसता ऐकतो. ही बाई यायची थांबली तर काय, या भीतीने हाबारा अस्वस्थ होतो तेव्हा शरीरसुखापेक्षाही तिच्या सोबतीची ती जवळीक जाईल, याची त्याला धास्ती वाटते. ‘कुणालाच जाणून घ्यायचे नाही’ हे वाक्य या कथेला लागू होत नाही.

आता ज्या रेघेमुळे तुम्ही चिडलात, त्या कथेकडे येऊ. डॉक्टर तोकाई हा ५२ वर्षांचा अविवाहित कॉस्मेटिक सर्जन आहे. त्याच्या मैत्रिणी बहुधा विवाहित किंवा दुसऱ्या कुणाशी बांधलेल्या असतात, एकाच वेळी एकीपेक्षा जास्त असतात, आणि त्यांच्या भेटीगाठींच्या वेळा त्याचा सेक्रेटरी बिनबोभाट सांभाळतो. मग तो त्यांतल्याच एका विवाहितेच्या खऱ्याखुऱ्या प्रेमात पडतो. ती नवऱ्याला सोडते, पण डॉक्टरकडे न येता तिसऱ्याच पुरुषाकडे जाते. डॉक्टर अन्न सोडतो आणि झिजून मरतो. स्त्रियांच्या खोटे बोलण्याच्या स्वतंत्र अवयवाचा सिद्धान्त या गृहस्थाचा आहे. ज्याने वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना मारलेल्या थापांवर स्वतःचे सुखाचे वेळापत्रक बसवले, त्यालाच थाप स्वतःच्या वाट्याला आल्यावर स्त्रीजातीचे शरीरशास्त्र सुचावे, यात केवढा विनोद आहे! लेखकाला तो दिसला असावा, पण तो त्यावर पुरेसा थांबत नाही. निवेदकही डॉक्टरला विरोध करत नाही. त्या स्त्रीची बाजू तर आपल्यापर्यंत पोचतच नाही. तिच्याविषयी जे कळते ते डॉक्टरकडून आणि सेक्रेटरीकडून. तुमचा संताप इथे बरोबर जागी पडला आहे. फक्त एक गोष्ट निसटली, असे दिसते. कथेच्या अखेरीस निवेदक तोच अवयव डॉक्टरला लावतो : स्वतःच्या इच्छेला न जुमानता तो प्रेमात पडला, तेही अशाच कुठल्यातरी स्वतंत्र अवयवामुळे. म्हणजे स्त्रियांवर केलेला आरोप कथा संपेपर्यंत आरोप करणाऱ्याच्याच अंगाला चिकटतो. एवढ्याने कथा चांगली होत नाही, पण तुम्ही समजता तितकी ती एकमार्गीही राहत नाही.

‘ड्राइव्ह माय कार’मध्येही असाच अर्धामुर्धा प्रामाणिकपणा आहे. काफुकू हा नट. त्याची पत्नी कर्करोगाने वारली. ती इतर पुरुषांकडे जात होती, हे त्याला माहीत होते आणि तिच्या हयातीत त्याने ते एकदाही विचारले नाही. ती गेल्यावर तो तिच्या शेवटच्या प्रियकराशी मुद्दाम मैत्री करतो, त्याच्याबरोबर बारमध्ये बसतो, कारण जे बायकोला विचारायचे होते ते आता दुसऱ्या कुणाला तरी विचारणे त्याला भाग आहे. त्याच्या डोळ्याला काचबिंदू आहे आणि दृष्टीत एक आंधळा ठिपका आहे. पत्नीला ओळखण्यातही आपल्याकडे असाच ठिपका राहिला असेल, हे त्याला कळू लागते. इथपर्यंत कथा उत्तम आहे. पण अखेरीस त्याची तरुण ड्रायव्हर मिसाकी, जिच्या वयाची त्याची मुलगी जगली असती तर आज असती, त्याला काय सांगते? तुमच्या बायकोचे त्या माणसावर मन नव्हतेच म्हणून ती त्याच्याबरोबर गेली, बायका अशा वागतात, तो एक आजार समजा. आख्ख्या कथेत एक समंजस स्त्री बोलती केली आणि तिच्याकडूनही ‘बायका अशाच’ हेच वदवून घेतले. इथे लेखक कमी पडला, असे मी निःसंकोच म्हणेन.

आणि मग ‘किनो’ येते, जिच्यासाठी मी हा संग्रह कुणालाही वाचायला देईन. खेळाचे सामान विकणाऱ्या कंपनीत काम करणारा किनो दौऱ्यावरून ठरल्यापेक्षा एक दिवस लवकर घरी येतो आणि पत्नीला आपल्याच सहकाऱ्याबरोबर पाहतो. तो भांडत नाही. दार लावून घेतो, घर सोडतो, नोकरी सोडतो आणि टोकियोच्या आओयामा भागात, नेझू संग्रहालयाच्या मागच्या गल्लीत, मावशीच्या जागेत छोटा बार काढतो. जॅझच्या रेकॉर्ड, एक मांजर, कोपऱ्यात पुस्तक वाचत बसणारे एक गिऱ्हाईक, असे सगळे शांत चाललेले असते. पत्नी एकदा येऊन माफी मागते, तुला दुःख झाले ना, असे विचारते, आणि तोही सभ्य माणसासारखे हो म्हणतो. मग मांजर नाहीसे होते, बारभोवती साप दिसू लागतात, आणि ते शांत गिऱ्हाईक त्याला सांगते, की तू काही वाईट केलेले नाहीस, पण वाईट न करणे नेहमी पुरेसे नसते. बार बंद करून तो दूर क्यूशू बेटावरच्या कुमामोटोपर्यंत जातो, आणि तिथल्या हॉटेलच्या खोलीत, रात्री दारावर थाप पडत असताना, त्याला कळते की पत्नीला आपण दिलेले उत्तर खोटे होते : ज्या वेळी पुरेसे दुखावून घ्यायला हवे होते, त्या वेळी आपण दुखावलोच नाही, खरे दुःख सोसायला नको म्हणून आपण काळीज रिकामे ठेवले. जिथे कथा मनात घोळवत ठेवायला लावते ते ठिकाण हेच आहे. पत्नी का गेली, हे इथेही कळत नाही. पण तिच्या जाण्यापुढे उभे राहण्याची आपली हिंमत झाली नाही, हे किनोला स्वतःबद्दल कळते. बायकांशिवायच्या पुरुषांविषयीच्या पुस्तकाने एवढे जरी केले, तरी त्याने आपले काम केले असे मी मानते. दुर्दैवाने सातांपैकी जेमतेम दोन-तीन कथांत ते घडते. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे : संग्रह निराशा करणारा आहे, तुम्हाला तो कळला आहे, आणि ‘किनो’ पुन्हा एकदा सावकाश वाचा.

पुन्हा वाचा असे म्हणते त्याचे कारण दादाची दुसरी रेघ. पहिल्या रेघेवर तुम्ही पत्रात अर्धे पान खर्च केले आहे आणि दुसरीचा एका ओळीत निकाल लावला आहे. रेघ म्हणजे सहमती, असे तुम्ही गृहीत धरले आहे, पण आपण ज्या वाक्यांखाली रेघा मारतो, त्यांतली काही पटलेली असतात, काही खुपलेली असतात आणि काही अशी असतात, की रागाच्या भरात आपणच कधीतरी बोलून गेलेलो असतो आणि आता ती दुसऱ्याच्या तोंडी छापलेली पाहून दचकतो. दादाची पहिली रेघ यांतली कोणती, हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. पण संपूर्ण पुस्तकात दोनच रेघा, आणि त्यांतली एक ‘मी वेळेवर दुखावलो नाही’ असे कबूल करणाऱ्या माणसापाशी, हे पाहिल्यावर दादाने पुस्तक ‘बघ, तिने माझे काय केले’ असे म्हणून दिले असेल, या तर्कावर मी तुमच्याइतकी ठाम राहू शकत नाही. अर्थात रेघांवरून दादाच्या मनाचा पंचनामा मीही करू नये. ते विचारायचे असते, आणि विचारायची वाट त्याने स्वतःच मोकळी करून दिली आहे. “हे वाच, मग बोलू,” असे तो म्हणाला. वाचून पुस्तकाबद्दलचे मत कळव, असे तो म्हणाला नाही. आईने विषय काढला की गॅलरीत जाणाऱ्या माणसाने स्वतःहून ‘मग बोलू’ म्हणणे, ही तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट आहे, आणि तुम्ही त्यातून फक्त ‘आता मला मत द्यावे लागणार’ एवढेच घेतले.

तुम्ही पुस्तकावर इतक्या का चिडलात, हेही थोडे तपासून पाहा. माझा अंदाज असा, की या कथांत जी बाजू गायब आहे, ती तुमच्या घरातल्या गोष्टीत तुमच्यापाशी आहे. वहिनी तुमच्याशी बोलतात. त्या का गेल्या, हे तुम्हाला थोडेफार ठाऊक असणार, आणि दादाने ते कधी विचारले नाही याचा राग तुमच्या मनात असणार. काफुकू, किनो, तोकाई यांच्यावर जो राग निघाला, त्यातला काही भाग मुळात पुण्याच्या पत्त्यावर जायचा होता, असे मला वाटते. असा राग असण्यात गैर काही नाही. फक्त दादाशी बोलताना पुस्तकाच्या आडून वहिनींची बाजू मांडायला लागू नका. “या पुरुषांना बायका का गेल्या हे विचारावेसेच वाटत नाही,” हे वाक्य परीक्षण म्हणून बरोबर आहे. पण तुमच्या तोंडून दादाच्या कानी ते आरोप म्हणून पोचेल, आणि मग त्याला गॅलरीत जायला आणखी एक कारण मिळेल.

आता करायचे काय? ‘छान आहे’ म्हणून सुटका करून घेण्याचा मार्ग सर्वांत सोपा दिसतो, पण बहिणीचे खोटे कौतुक भावाला बहुधा ऐकताक्षणी कळते, आणि त्यानंतर जे बोलायचे होते ते तो पुन्हा पोटात घालून टाकेल. उलट टोकाला, सातही कथांचा समाचार घेणारा लांबलचक व्हॉट्सॲप संदेश, हा त्याहून वाईट मार्ग. त्यात तुमची वाचक म्हणून अब्रू राहील, पण संवाद तिथेच संपेल. ‘अजून वाचते आहे’ हे आणखी फार दिवस चालणार नाही, आणि तोही एक प्रकारचा नकारच आहे, कारण दादा तिकडे वाट पाहतो आहे. म्हणून मी असे सुचवेन, की फोनवर किंवा लिहून नको, समोरासमोर भेटून, शक्यतो आई आसपास नसताना बोला. सुरुवात संपूर्ण पुस्तकापासून करू नका. एका कथेपासून करा. “दादा, सगळे पुस्तक मला आवडले असे नाही, पण किनोची गोष्ट डोक्यातून जात नाही. तुला त्यातले काय लागले?” यात खोटे काही नाही, आणि प्रश्न असा आहे की त्याला पुस्तकाबद्दल बोलायचे तर पुस्तकाबद्दल बोलता येईल आणि स्वतःबद्दल बोलायचे तर तेही. त्याने पुस्तकाबद्दलच बोलणे पसंत केले, तर तेवढ्यावर थांबा. पहिल्याच बैठकीत दोन वर्षांचे सगळे बाहेर यावे, ही अपेक्षा ठेवलीत तर तुमच्या चेहऱ्यावरून ती त्याला दिसेल.

तोकाईच्या वाक्याबद्दल मात्र गप्प बसू नका. त्या विधानाला होकार दिल्यासारखे होईल, ही तुमची भीती खरी आहे, आणि ती दूर करण्यासाठी चिडावे लागत नाही. “त्या अवयवाच्या वाक्याखाली तुझी रेघ होती. मला ते पटले नाही. तू का मारलीस?” एवढे सरळ विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. तो ‘पटले म्हणून’ म्हणाला, तरी जगबुडी होत नाही. डॉक्टर स्वतः किती खोटेपणावर जगत होता, हे त्याला दाखवून द्या. भावंडांत मतभेद बोलून दाखवता येतो, हे कळण्यानेही तो काहीसा मोकळा होईल. दुखवू नये म्हणून सगळ्यांनी त्याच्याशी जपून वागायचे, हा शिरस्ता तुमच्या घरात दोन वर्षे चालला आहे आणि त्याने तो बोलता झालेला नाही.

वहिनींचा विषय याच दिवशी काढू नका, पण फार लांबवूही नका. नाशिक आणि पुण्यात नातेवाइकांचे जाळे किती दाट असते हे तुम्हाला माहीत आहे. तुमचे बोलणे चालू असल्याचे दादाला तिसऱ्याकडून कळले, तर पुस्तकावरून वाटले असते त्याच्या कितीतरी पट त्याला वाईट वाटेल. आधी वहिनींना सांगा, की मी हे दादाच्या कानावर घालणार आहे. त्यांची संमती असलेली बरी. मग दादाला एवढेच सांगा, की आमचा संपर्क आहे, तो माझ्या आणि तिच्या मैत्रीपुरता आहे, आणि मी तुझे तिला व तिचे तुला सांगत नाही. यातले शेवटचे वाक्य खरे असेल तरच बोला. आतापर्यंत ते खरे नसेल, तर आधी ते खरे करा. दादाने ‘ती काय म्हणते’ असे विचारले, तर तिलाच विचार, असे सांगायला हवे. काफुकूने जे प्रियकराला विचारले, ते दादाने तुम्हाला विचारावे आणि तुम्ही सांगत राहावे, यात तिघांचेही भले नाही.

थेट बोलणे जमेल असे वाटत नसेल, तर या संग्रहावरून र्‍युसुके हामागुची या दिग्दर्शकाने २०२१ साली केलेला ‘ड्राइव्ह माय कार’ हा चित्रपट दोघांनी मिळून पाहा. २०२२ साली त्याला सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. तो जवळजवळ तीन तासांचा आणि संथ आहे, तेव्हा रविवारची दुपार राखून ठेवा. दिग्दर्शकाने काफुकूच्या कथेत ‘शहरजाद’ आणि ‘किनो’ यांतलेही धागे विणले आहेत, आणि तुम्हाला पुस्तकात जे सलले, तेच नेमके त्यानेही दुरुस्त करायला घेतलेले दिसते. पत्नीला इथे स्वतःच्या गोष्टी आहेत, मरणानंतरही टेपवर तिचा आवाज आहे. ड्रायव्हर मुलीला स्वतःचे दुःख आहे. पत्नी सकाळी म्हणते, की संध्याकाळी आलास की बोलायचे आहे. काय ऐकावे लागेल या भीतीने नवरा गाडी घेऊन फिरत राहतो, उशिरा परततो, आणि तोवर ती गेलेली असते. किनोला हॉटेलच्या खोलीत जे उमगते, ते चित्रपटात काफुकू बर्फात उभा राहून मोठ्याने बोलतो. त्या प्रसंगानंतर दादा काही बोलला नाही, तरी लगेच तुम्हीही काही बोलू नका.

अशाच पेचातली पत्रे इतरही वाचकांकडून येतात. कुणाला विधुर झालेल्या वडिलांनी पुस्तक दिलेले असते, कुणाला प्रेमभंग झालेल्या मैत्रिणीने. दुःखात असलेल्या माणसाने दिलेले पुस्तक लवकर वाचावे, हे माझे पहिले सांगणे, कारण देणारा रोज वाट पाहत असतो. आवडले नाही तरी त्यातले एक पान, एक प्रसंग असा शोधावा की ज्याबद्दल आपल्याला मनापासून काही विचारावेसे वाटते. असे एकही पान नसेल, तर “मला हे जमले नाही, तुला यात काय सापडले ते सांग,” असे म्हणावे. आणि एक गंभीर गोष्ट. या संग्रहात एक माणूस अन्न सोडून मरतो आणि एक स्त्री आत्महत्या करते. देणाऱ्या माणसाची झोप, जेवण, कामावर जाणे बिघडलेले दिसत असेल, किंवा तो निरवानिरवीचे बोलत असेल, तर पुस्तकाच्या गप्पांत वेळ न घालवता त्याला सरळ विचारावे, की जीव नकोसा झाला आहे का. असे विचारल्याने तो विचार नव्याने मनात येतो, ही समजूत चुकीची आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तुमच्या पत्रात दादाबद्दल असे काही नाही, तरी भेटाल तेव्हा तेवढे लक्ष असू द्या.

राहिला तिसरा प्रश्न. मुराकामी पुढे वाचलाच पाहिजे अशी सक्ती नाही. जॅझ, मांजरे, रिकामी घरे आणि एकाएकी नाहीशा होणाऱ्या बायका हे त्याचे नेहमीचे सामान आहे. एका पुस्तकात त्याचा कंटाळा आला असेल, तर दुसऱ्यात तो येणार नाही याची हमी मी देणार नाही. दादाने दुसरे पुस्तक पुढे केले, तर या वेळी तुम्ही त्याला तुमच्या आवडीचे एक द्या, आणि हवे तर त्यात तुमच्याही रेघा असू द्या.